बंबाचं निर्लेखन

संस्थेतली एखादी वस्तू काढून टाकायची असेल, तर ती वस्तू आधी संस्थेत असावी लागते. वाचायला ही अट काही कडक वाटत नाही. मलाही वाटली नव्हती. ती पूर्ण करण्यात माझे एकोणीस दिवस, एका चपलेचा अंगठा आणि बावीस वर्षांच्या नोकरीत जमवलेली थोडीफार प्रतिष्ठा गेली.

वस्तू म्हणजे मी प्रमुख असलेल्या रसायनशास्त्र विभागाचा बंब. त्याचं खरं नाव ऊर्ध्वपातन यंत्र. पाणी उकळायचं, वाफ थंड करायची आणि थेंबाथेंबाने शुद्ध पाणी द्यायचं, एवढं त्याचं काम. पण तांब्याचं कमरेएवढं अंग, सुटलेलं पोट आणि वर नळीची सोंड असं ते ध्यान होतं, त्यामुळे सगळे त्याला बंबच म्हणत. सहा वर्षांपूर्वी तो गळायला लागला, मग गुरगुरायला लागला आणि शेवटी गप्प झाला. चार नंबरच्या टेबलावर तो नुसता बसून असायचा.

या सुट्टीत मी प्रयोगशाळा साफ करायला काढली. तीन दिवस कपाटं पुसली. चौथ्या दिवशी चार माणसं लावून बंब मागच्या अंगणात ठेवला. पाचव्या दिवशी तिथली मोडकी बाकं न्यायला भंगारवाला आला, त्याने बाकांबरोबर बंबही हातगाडीवर चढवला. हे मी खिडकीतून पाहिलं. मला बरं वाटलं. मी त्याला गाडी मागे घेताना "डावीकडे, डावीकडे" असं सांगितलंसुद्धा. ही शेवटची गोष्ट मी पुढे कोणत्याही अर्जात लिहिली नाही.

आठवड्याने, महिन्याच्या एक तारखेला, आमचं नवीन यंत्र आलं. पाण्यात रंग किती गडद आहे ते मोजून आकडा सांगणारं. मी त्याच्यासाठी अकरा वर्षं दरवर्षी अर्ज करत होते. त्याचं कारण सांगायला हवं. मुलं घरून बाटल्यांत पाणी आणतात, कोणी विहिरीचं, कोणी टाकीचं, आणि त्यात लोह किती आहे ते आम्ही काढून देतो. पाण्यात एक द्रावण टाकलं की त्याला केशरी रंग चढतो. जितकं लोह जास्त, तितका रंग गडद. मग ती नळी पांढऱ्या कागदावर धरायची, शेजारी ठरावीक रंगांच्या वीस नळ्या उभ्या करायच्या, आणि डोळ्यांनी जोडी जुळवायची. अख्ख्या कॉलेजात हे काम माझ्याइतकं नेमकं कोणी करत नसे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तसे तक्ते आहेत.

गेल्या वर्षी माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उजव्याचं व्हायचंय. तेव्हापासून डाव्या डोळ्याला जग निळसर, स्वच्छ दिसतं आणि उजव्याला चहातून गाळल्यासारखं. एकच नळी डाव्या डोळ्याने पाहिली तर पाणी पिण्याजोगं, उजव्याने पाहिली तर नाही. दोन्ही उघडे ठेवले तर मत बनत नाही. एका मुलीच्या घरच्या विहिरीचा निकाल मी दोन महिने दिलेला नव्हता. ती रोज दारात येऊन "झालं का मॅडम?" विचारायची आणि मी "उद्या बघू" म्हणायचे. खोटं मी फार बोलत नाही, त्यामुळे थोडंसं बोललं तरी लक्षात राहतं.

तर यंत्र आलं. खोकं मार्गिकेत उभं राहिलं. ते बसवायला कंपनीचा तंत्रज्ञ एकवीस तारखेला येणार होता आणि पुन्हा आठ महिने येणार नव्हता. प्राचार्यांनी सांगितलं, "त्या दिवशी जागा तयार नसेल तर यंत्र भौतिकशास्त्राला जाईल, त्यांचीही मागणी आहे." भौतिकवाले सर, म्हणजे भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख, खोक्याशेजारून दिवसातून चार वेळा जाऊ लागले. "शेवटी प्रकाशाचंच यंत्र हो," असं ते खोक्याला म्हणत. मला नव्हे, खोक्याला.

मी निर्धास्त होते. चार नंबरचं टेबल भक्कम होतं, त्याला स्वतंत्र प्लग होता आणि ते रिकामं होतं. मी भांडारपालांना बोलावून टेबल दाखवलं.

त्यांनी जडसंग्रहाची नोंदवही उघडली. संस्थेतली प्रत्येक टिकाऊ वस्तू कोणत्या टेबलावर, कोणत्या कपाटात, हे त्या वहीत असतं.

"इथे बंब आहे," ते म्हणाले.

"नाहीये. बघा ना तुम्ही."

"मी बघतोय की." ते वहीत बघत होते. "टेबल क्रमांक चार, ऊर्ध्वपातन यंत्र, एक नग. जागा भरलेली आहे, मॅडम. भरलेल्या जागेवर नवीन वस्तू कशी चढवू?"

"पण डोळ्यांनी दिसतंय ना रिकामं?"

"डोळ्यांचं काय, आज दिसतं, उद्या दिसत नाही," ते म्हणाले. त्यांना माझ्या ऑपरेशनची माहिती नव्हती, तरीही मला लागलं. "आधी बंबाचं निर्लेखन करून घ्या. मग मी नोंद काढतो, मग जागा रिकामी."

निर्लेखन हा शब्द मी आयुष्यभर फायलींवर वाचला होता. तो ओलांडून पुढच्या ओळीवर जायचं, अशी सवय होती. आता नियम काढून वाचला. निर्लेखन समितीने वस्तू प्रत्यक्ष पाहावी, ती निरुपयोगी असल्याची खात्री करावी आणि मग निर्लेखनाची शिफारस करावी.

"प्रत्यक्ष?" मी विचारलं.

"प्रत्यक्ष. कुठे ठेवलाय बंब?"

मी म्हणाले, "साफसफाईत हलवलाय." रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे विधान अचूक होतं.

"मग आणा परत. हरवला असेल तर तसं सांगा, निर्लेखन होणार नाही, चौकशी होईल. ती साधारण दोन वर्षं चालते."

घरी येऊन मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो वर्तमानपत्र वाचत होता. "म्हणजे फेकायचं म्हणून परत आणायचं?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले. "आणि आणल्यावर फेकतील?" हो. "बरं," तो म्हणाला आणि पान उलटलं. सव्वीस वर्षांच्या संसारात मला त्याच्या 'बरं'इतकं काहीच टोचत आलेलं नाही.

आमच्या इमारतीत कोणाकडे कुकरची शिट्टी बिघडली तरी चार मजले सल्ला द्यायला उतरतात. वरच्या मजल्यावरच्या वहिनी लगेच आल्या.

"अगं, दुसरा बंब आणून ठेव. बंबासारखा बंब. कोण बघतंय?"

"त्याच्यावर नंबर कोरलाय, वहिनी."

"मग नंबर कोरून घे. माझा भाऊ स्कूटरचे नंबर करतो."

खालच्या डॉक्टरांनी ताण घेऊ नका म्हणून सांगितलं आणि स्वतः जिन्यात उभं राहून अर्धा तास मला ताण दिला. शेवटी कोशकाका आले. ते निवृत्त भाषाशिक्षक. त्यांच्या घरी सोफ्यापेक्षा शब्दकोश जास्त आहेत, आणि पाहुण्यांना कोशांच्या गठ्ठ्यावरच बसवतात. मी चुकून त्यांच्यासमोर म्हणाले, "निर्लेखन म्हणजे नक्की काय, हेच कोणाला माहीत नाही."

कोशकाका खुर्चीच्या कडेवर सरकले. ते सरकले की माणसाने घड्याळ बघू नये.

"माहीत कसं नाही? 'लिख्' धातू. आज त्याचा अर्थ लिहिणं. पण मुळात काय? ओरखडणं! खरवडणं! पानावर टोकदार काडीने ओरखडे काढायचे, तेच लिहिणं झालं. आणि 'निर्' म्हणजे बाहेर, दूर. निर्लेखन म्हणजे खरवडून काढणं. जुन्या वैद्यांच्या ग्रंथांत जीभ घासायच्या पट्टीला जिव्हानिर्लेखन म्हटलंय. सकाळी उठून तू करतेस ना, ते!"

"मी दात घासते, काका."

"जीभही घासत जा. तर सांगायचं असं, की हा शब्द मळाचा. चिकटलेला मळ हाताने खरवडून टाकायचा. वस्तू टाकायची नाही हो, मळ टाकायचा! वस्तू राहते. जीभ राहते की नाही? पुढे कचेऱ्यांना इंग्रजीतल्या 'राइट ऑफ'ला, म्हणजे नोंद काढून टाकण्याला, मराठी शब्द हवा होता, त्यांनी हा उचलला. तिथून मळ राहिला बाजूला आणि वस्तूच जायला लागली."

"पण मग बंबाचं काय करू?"

"ते मला काय माहीत?" कोशकाका म्हणाले. "मी तुला शब्द सांगितला."

त्या रात्री मला तो शब्द सोडेना. मी शास्त्राची विद्यार्थिनी, मला शब्दांचा नाद नाही. पण दुसऱ्या दिवशी भांडारात जाऊन जुन्या नोंदवह्या चाळल्या, तर चाळीस वर्षांपूर्वीच्या पानांवर काही नोंदी अक्षरशः पात्याने खरवडलेल्या निघाल्या. कागद पातळ झाला होता, एका ठिकाणी भोकच होतं. त्या भोकातून खालच्या पानावरचं 'एक नग' दिसत होतं. मी भांडारपालांना ते दाखवलं.

"आता तसं चालत नाही," ते म्हणाले. "आता लाल शाईने रेघ. आणि त्याआधी बंब."

भंगारवाला शहराच्या दुसऱ्या टोकाला सापडला. जाताना चपलेचा अंगठा तुटला तो तिथेच. त्याचं आवार म्हणजे पंख्यांच्या पात्यांचा आणि सायकलींच्या सांगाड्यांचा डोंगर. मी डोंगराला दोन फेऱ्या मारल्या.

"तांब्याचा, सोंडवाला? तो दुसऱ्याच दिवशी गेला. चौकापलीकडे लाँड्री आहे ना, त्या मालकाने नेला. तुम्हीच ना खिडकीतून डावीकडे, डावीकडे करत होता?"

मी म्हणाले, "अनेक लोक खिडकीत उभे असतात."

लाँड्रीत शिरले आणि बंब दिसला. खरं सांगायचं तर आधी ओळखलाच नाही. तो आरशासारखा चकाकत होता. सोंडेतून थेंब पडत होते, टप, टप, टप, आणि खालच्या बरणीत इतकं स्वच्छ पाणी होतं की बरणी रिकामी वाटावी. दोन बायका चादरींना इस्त्री करत होत्या. मालक, पन्नाशीचा, शर्टाच्या बाह्या दुमडलेला, बंबाकडे पाठ करून उभा होता. स्वतःचं मूल शहाण्यासारखं वागतंय अशी खात्री असलेली माणसं जशी उभी राहतात, तसा.

"हा चालू आहे?" माझा आवाज चिरकला.

"चालू म्हणजे? घोड्यासारखा. नळाच्या पाण्याने वाफेच्या इस्त्र्या बसायच्या हो माझ्या, पांढऱ्या कपड्यांवर डाग. आता बघा शर्ट."

"पण हा सहा वर्षं बंद होता. गळायचा."

"गळायचा एका जोडाला. तो झाळून टाकला. बाकी काही नाही, आत क्षार साचला होता, बोटभर जाड. नळी बुजलेली. तो खरवडून काढला. वाकडा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि बसलो. दोन दुपारी लागल्या." त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "कुठे होता हा आधी? कोणा अडाण्याच्या घरी असणार. पाणी तापवायचं आणि साफ करायचं नाही."

मी दरवर्षी पहिल्या सत्रात, तिसऱ्या तासाला, जड पाण्यामुळे भांड्यात क्षार कसा साचतो आणि सौम्य आम्लाने तो कसा काढावा हे शिकवते. समीकरणासह. परीक्षेत त्यावर हमखास पाच गुणांचा प्रश्न असतो. बावीस वर्षं. मी लाँड्रीवाल्याला सांगितलं की हो, असेल कोणीतरी अडाणी.

मग मी त्याला खरी गोष्ट सांगितली. बंब एक दिवस कॉलेजात न्यायचा, समितीला दाखवायचा, समिती तो निरुपयोगी ठरवेल, नोंद निघेल, आणि मग तो कायमचा तुमचा, कागदासकट. माझी यंत्राची जागा मोकळी होईल. एकवीस तारीख जवळ आली आहे. त्याने ऐकून घेतलं.

"निरुपयोगी," तो म्हणाला.

"फक्त कागदावर."

"बरं. पण मी बरोबर येणार. माझा बंब मी एकटा सोडत नाही."

समितीची बैठक वीस तारखेला दुपारी ठरली. त्याआधी मिळेना, कारण अध्यक्ष गणितवाले सर, आणि ते वेळापत्रकात रिकामा तास दिसला की त्यात काहीतरी सिद्ध करायला बसतात. दुसरे सदस्य भांडारपाल. तिसरे, तांत्रिक सदस्य म्हणून, भौतिकवाले. मी प्राचार्यांना म्हणाले, ज्यांना माझं यंत्र हवंय तेच समितीत कसे? प्राचार्य म्हणाले, "त्यांना यंत्रांची आवड आहे ना, म्हणून."

वीस तारखेला लाँड्रीवाला टेम्पोतून बंब घेऊन आला. मी त्याला बजावलं होतं की तो थोडा मळवून आण. त्याने तो आदल्या दिवशी चिंच लावून घासला होता. "कॉलेजात यायचं म्हणजे," तो म्हणाला. स्वतःही पांढराशुभ्र शर्ट घालून आला होता, आणि शर्टाची घडी इतकी कडक की समिती आधी त्यालाच उठून नमस्कार करायला निघाली.

"हे कोण?" गणितवाल्यांनी विचारलं.

"वाहतूक," मी म्हणाले.

बंब चार नंबरच्या टेबलावर ठेवला. समितीने त्याच्याभोवती एक फेरी मारली. भांडारपालांनी बुडाचा नंबर वहीशी ताडून पाहिला आणि सुस्कारा टाकला. नंबर जुळला की त्यांना अन्नपाणी लागत नाही.

गणितवाले म्हणाले, "मॅडम, आपल्या अर्जात लिहिलंय की यंत्र चालत नाही."

"हो."

"हे गृहीत धरायचं की सिद्ध करायचं?"

"गृहीत धरलं तर वेळ वाचेल, सर."

"प्लग लावून बघूया की," भौतिकवाले म्हणाले. ते फार गोड हसत होते. चार नंबरचं टेबल बंबाने अडलेलं राहिलं तर उद्या खोकं कोणाकडे जाणार, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं.

मी म्हणाले, "जुनी वायर आहे, धोका आहे."

इथपर्यंत लाँड्रीवाला शहाण्यासारखा भिंतीला टेकून उभा होता. आता तो पुढे आला.

"जुनी? बाई, वायर मी गेल्या महिन्यात बदललीय."

"आपण गप्प राहायचं ठरलं होतं," मी हळू म्हणाले.

"गप्पच आहे. पण धोका म्हणू नका. माझ्या हाताखालच्या वस्तूला धोका म्हणू नका." मग तो समितीकडे वळला. "आणि चालत नाही कोण म्हणतं? दहा मिनिटं द्या. पाणी कुठंय?"

मी त्याच्या बाहीला धरलं. त्याने बाही सोडवून घेतली, बंब भरला, प्लग लावला, आणि हात बांधून उभा राहिला. आम्ही सगळे बंबाकडे बघत उभे राहिलो. मी आयुष्यात पुष्कळ प्रयोग केले, पण एखादा प्रयोग फसावा म्हणून इतकी कळकळ कधी वाटली नव्हती. बंब गरम झाला. गुरगुरला नाही. नवव्या मिनिटाला सोंडेच्या टोकाशी एक थेंब आला, जाडसर झाला, आणि पडला.

"वा!" भौतिकवाले म्हणाले.

गणितवाल्यांनी चष्मा काढला. "मॅडम, अर्ज लिहिला तेव्हा हे चालत नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि आता चालतं. मधल्या काळात काय झालं?"

माझ्या मनात चार उत्तरं आली. चारही खोटी होती. पाचवं खरं होतं, पण त्यात खिडकी होती, हातगाडी होती आणि डावीकडे, डावीकडे होतं. मी म्हणाले, "आतला क्षार खरवडला."

"उत्तम," गणितवाले म्हणाले आणि लिहायला बसले. त्यांनी वाचून दाखवलं ते असं: सहा वर्षे बंद असलेले यंत्र विभागप्रमुखांच्या प्रयत्नाने कार्यरत झाले आहे, सबब निर्लेखनाचा प्रश्न उद्भवत नाही, यंत्र जागेवरच ठेवावे, विभागप्रमुखांच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर. भौतिकवाल्यांनी अनुमोदन दिलं. ते टाळ्या वाजवायला निघाले होते, पण एकट्याने वाजवाव्या लागल्या असत्या म्हणून थांबले.

समिती गेली. लाँड्रीवाला बंबाशेजारी उभाच होता.

"झालं ना? चला, टेम्पोत चढवू."

मी त्याला समजावलं. बंब आता कार्यरत आहे, म्हणून तो संस्थेचा आहे, म्हणून तो कुठेही जाणार नाही. त्याने सोंडेवरचा थेंब बाहीने पुसला. नंतर म्हणाला, "बंद पडला असता तर माझा होता?"

"हो."

"मी चालू केला म्हणून तुमचा झाला?"

मी त्याला सांगितलं की रोज सकाळी दोन कॅन शुद्ध पाणी त्याचं, आणि बंब बिघडला तर हात लावायचा तो फक्त त्यानेच. हे मी लिहून दिलं आणि सही केली. त्याने कागदाची घडी घातली, चारी कोपरे नेमके जुळवून, आणि खिशात ठेवला. दारातून मात्र परत फिरला आणि बंबाचा प्लग काढला. "कोरडा तापवू नका," एवढंच म्हणाला. मला वाटतं, मी बावीस वर्षांत विद्यार्थ्यांशी जितकी वाईट वागले असेन, त्या सगळ्याची बेरीज त्या दुपारी माझ्यासमोर उभी होती.

संध्याकाळी मार्गिकेत खोक्याला एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली: 'भौतिकशास्त्र विभाग, उद्या सकाळी दहा.' अक्षर सुबक होतं. मी ती चिठ्ठी वाचली, प्रयोगशाळेत गेले, आणि फेऱ्या मारायला लागले. एक नंबरपासून आठ नंबरपर्यंत. प्रत्येक टेबलावर काहीतरी होतं, आणि प्रत्येक काहीतरी वहीत होतं. एकावर तराजू, दोनवर भट्टी, तीनवर दुसरा तराजू, जो पहिल्यावर विश्वास नाही म्हणून घेतला होता. कुठलीही वस्तू हलवायची तर समिती, आणि समितीची पुढची बैठक सत्र संपताना. पाच, सहा, सात. विहिरीवाल्या मुलीची बाटली आठ नंबरवर होती. बाटलीला तिने स्वतःच्या हाताने लेबल लावलं होतं आणि त्यावर 'तातडीचे' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी डाव्या डोळ्याने लेबल वाचलं, मग उजव्याने. दोन्हींनी तेच दिसलं.

सकाळी साडेआठला मी भांडाराच्या दारात उभी होते. भांडारपाल किल्ली लावत होते.

"वही दाखवा," मी म्हणाले.

"कोणती जागा?"

"सगळ्या."

ते बोट फिरवत खाली खाली गेले आणि नवव्या ओळीवर थांबले. "ही एक आहे. टेबल क्रमांक नऊ. आतली भिंत, स्वतंत्र प्लग. वस्तू, निरंक. म्हणजे काहीही नाही, रिकामं." मग त्यांनी मान वर केली. "पण हे तर तुमचं."

माझंच होतं. मी बावीस वर्षं त्याच टेबलाशी बसत होते. तिथे मी तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उभा केला तर छताला लागेल. वहीत तिथे काहीही नव्हतं. आधी मला राग आला. राग आल्यावर मी नेहमी काहीतरी मोजते, म्हणून टेबल मोजलं. लांबी पुरेशी, ऊन येत नाही, हलत नाही. अख्ख्या विभागात समितीला न विचारता हलवता येईल अशी एकच गोष्ट होती, आणि ती आत्ता हातात मोजपट्टी घेऊन उभी होती.

खण रिकामे करायला चाळीस मिनिटं लागली. खुर्ची मार्गिकेत गेली. पेनं, शिक्के, चष्म्याच्या तीन पेट्या, मुलांनी दिलेली शुभेच्छापत्रं, सगळं एका बादलीत मावलं. माणसाची कारकीर्द इतकी छोटी असेल असं वाटलं नव्हतं, पण बादली मोठी होती असं मी मनाशी म्हटलं. दहाला दहा मिनिटं असताना तंत्रज्ञ आला. मी खोक्यावरची चिठ्ठी व्यवस्थित काढून, घडी घालून, भौतिकवाल्यांच्या टपालात ठेवली.

यंत्र नऊ नंबरवर बसलं. भांडारपालांनी निरंकच्या पुढे एक नग लिहिलं, सही केली आणि वही मिटली. तंत्रज्ञाने विचारलं, "नमुना आहे का काही?" मी आठ नंबरवरची बाटली उचलली, पाण्यात द्रावण टाकलं. केशरी रंग चढला. मी काचेची छोटी पेटी भरून यंत्रात ठेवली. आकडा आला. मी पेटी काढून परत ठेवली. तोच आकडा. तिसऱ्यांदा ठेवली. तोच. तक्त्यावर पाहिलं तर मर्यादेच्या वर होता. त्या विहिरीचं पाणी पिण्याजोगं नव्हतं. दोन महिने ते घर ते पाणी पीत होतं, आणि मी उद्या बघू म्हणत होते.

भौतिकवाले दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं.

"आणि तुम्ही आता बसणार कुठे?"

"थांबा हो सर, आधी त्या मुलीला बोलवा," मी म्हणाले. "दुसऱ्या वर्षाच्या वर्गात असेल. पळत बोलवा."

ते खरंच पळाले. मी निकालाची वही उघडली, पण ती ठेवायला कुठे जागा नव्हती. मग ती भिंतीला टेकवली आणि उभ्याउभ्याच तो आकडा लिहिला.